रात्री अडीचला उघडणारी नोटबुक

महासंगणकासाठी रांग लावावी लागते, याबद्दल माझी तक्रार नाही. यंत्र एक आणि संशोधक शेकडो. कुणाला वादळाचा मार्ग काढायचाय, कुणाला प्रथिनाची घडी मोजायचीय. स्लर्म नावाची प्रणाली सगळ्यांची कामं रांगेत लावते आणि आधी कुणी किती वापर केला ते बघून प्राधान्य ठरवते. संध्याकाळी सोडून दिलेलं काम पहाटे तीनला लागलं काय नि पाचला लागलं काय, कुणाचं काही अडत नाही. माझी तक्रार आहे ती ज्युपिटर नोटबुकलाही त्याच रांगेत उभं करण्याबद्दल.

नोटबुकमध्ये चार ओळी लिहायच्या, चालवायच्या, आलेख बघायचा, की त्यावरून पुढच्या चार ओळी सुचतात. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ साली आयपायथन लिहायला घेतलं ते अशाच कामासाठी. २०१४ मध्ये त्यातूनच ज्युपिटर प्रकल्प निघाला. समोर माणूस बसलेला आहे, हे त्यात धरूनच चाललेलं आहे.

आमच्या महासंगणक केंद्रात दुपारी नोटबुकसाठी सत्र मागावं: एक जीपीयू, चार तास. पडद्यावर ‘पीडी’ (पेंडिंग, म्हणजे रांगेत) ही दोन अक्षरं येतात आणि शेजारी कारण, ‘प्रायॉरिटी’. सुरू होण्याची अंदाजे वेळ विचारली तर स्लर्म चार म्हणते, मग सहा, मग दहा. धड दुसरं काम हातात घेता येत नाही, धड घरी जाता येत नाही. शेवटी रात्री अडीचला सत्र सुरू झाल्याचा मेल येतो. चार तासांचं घड्याळ त्या क्षणापासून चालू. सकाळी उठून बघावं तर वेळ संपलेली. जीपीयू रात्रभर रिकामा बसला, कुणाच्याच कामी आला नाही, आणि ते चार तास माझ्या खात्यावर पडल्यामुळे पुढच्या वेळी माझा नंबर आणखी मागे. मला चीड येते ती याची.

जागं राहिलं तरी सुटका नाही. ब्राउझरमधून थेट उघडायला ज्युपिटरहब आहे, पण त्यात नोटबुक सुरू होण्याची मूळ मुदत ६० सेकंदांची असते. रांगेच्या यंत्रणेला जोडताना ती वाढवायची असते. आमच्याकडे कुणी वाढवलेली नाही. म्हणून एसएसएचचा बोगदा स्वतः खणायचा: आपला लॅपटॉप, लॉगिन नोड, तिथून आतला नोड, पोर्ट ८८८८. त्याच नोडवर दुसऱ्या कुणी ८८८८ आधीच धरलेलं असलं, की ज्युपिटर आपलं ८८८९ वर जाऊन बसतं. ही गोष्ट लॉग फाइलमध्ये एका ओळीत लिहिलेली असते. ती वाचेपर्यंत आपण दुसऱ्याच्या दारात उभे राहून आपला टोकन घालत असतो आणि तो चालत नाही.

सत्राचे चार तास संपले की कर्नल, म्हणजे मागे कोड चालवणारी प्रक्रिया, मारला जातो. फाइल शाबूत राहते, आलेखही दिसतात, पण मेमरीत चढवलेला सगळा डेटा गेलेला असतो. पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात.

यावर उपाय आहेत आणि ते महागडेही नाहीत. मोजके नोड फक्त अशा सत्रांसाठी बाजूला काढावेत. माणशी एकच सत्र, दोन तासांची मर्यादा, दिवसा. आलेख काढायला अख्खं कार्ड कशाला? एनव्हिडियाच्या ए-१०० कार्डाचे सात स्वतंत्र भाग करता येतात. सात जणांची सोय होईल. रिकामं पडलेलं सत्र थोड्या वेळाने आपोआप बंद व्हावं. दिवसभर ताटकळलेला एमएस्सीचा विद्यार्थी शेवटी प्रश्नच छोटा करून लॅपटॉपवर बसवतो, हे मी डोळ्यांनी बघतो आहे. ज्या प्रश्नासाठी हे यंत्र घेतलं, तोच त्याने सोडून दिलेला असतो.

हे सगळं मी केंद्राला लेखी कळवलं. यंत्राचा वापर उत्तम आहे, बदलाची गरज दिसत नाही, असं उत्तर आलं. माझे वाया गेलेले चार तासही त्या वापरातच मोजलेले आहेत.