अतिरिक्त कार्यभार

(एकपात्री प्रयोग. रंगमंचावर एक टेबल, त्यावर जाडजूड हजेरी रजिस्टर, बॅटरी, छत्री आणि मोबाइल. खुर्ची आहे, पण तिच्यावर कपडे वाळत घातलेत. इस्त्रीचा शर्ट आणि रबरी चपला घातलेला रेक्टर प्रवेश करतो. प्रयोगभर तो एकदाही बसत नाही.)

मंडळी, आज मी वकील म्हणून उभा आहे. काळा कोट घातलेला नाही, कारण तो जूनपासून वाळतोय. माझं अशील म्हणजे एक गाव. कुठलंही घ्या, तालुक्याचं. एक एसटी स्टँड, दोन बँका, तीन मेडिकल, चार गणेश मंडळं, आणि रेल्वे? ती डोंगराच्या पलीकडे. अशा गावात कॉलेज असतं, कॉलेजला हॉस्टेल असतं, हॉस्टेलला रेक्टर असतो आणि तो रेक्टर टिकत नाही. तो गेला की संस्थेच्या इतिवृत्तात एकच कारण लिहिलं जातं : ‘गाव मानवलं नाही.’ संपलं! गावाला ना नोटीस, ना सुनावणी. माझं म्हणणं असं की माझं अशील निर्दोष आहे. रेक्टरला गाव मानवतं, अगदी महिनाभरात मानवतं. मानवत नाही ती नोकरी. पण इतिवृत्तात नोकरीला दोष द्यायचा तर सही करणाऱ्यांना आरशात बघावं लागतं, म्हणून गावाला दोष देतात. गाव बिचारं बैठकीला हजर नसतं.

आता आरोप एकेक करून तपासू. पहिला आरोप पावसाचा. उदाहरण म्हणून दापोली घेतो. तिथल्या कुठल्या संस्थेबद्दल मी बोलत नाहीये, फक्त तिथल्या ढगांबद्दल बोलतोय. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि परभणीत त्याच्या जेमतेम चौथाई. दोन्हीकडे कृषी विद्यापीठं, दोन्ही 1972 सालची, आणि मुलं इकडून तिकडे शिकायला जातात. त्यामुळे होतं काय, की आयुष्यभर ढगाकडे हात जोडून बघणाऱ्या मुलखातला मुलगा ढगाखालीच राहायला येतो. जुलैत तो विचारतो, ‘सर, हा थांबतो कधी?’ रेक्टर म्हणतो, गणपतीत. गणपतीत विचारतो, रेक्टर म्हणतो दसऱ्याला. दसऱ्यापर्यंत तो मुलगा विचारायचा थांबलेला असतो. दुसरा आरोप जेवणाचा. मेसचा आचारी कोकणातला, त्यामुळे तो चहा सोडून सगळ्यात ओला नारळ घालतो. वऱ्हाडातल्या मुलाला तर्री हवी, लातूरच्या मुलाला शेंगदाण्याचा कूट हवा, जळगावच्या मुलाला वांग्याचं भरीत हवं, आणि रत्नागिरीचा मुलगा म्हणतो, यात नारळ कमी आहे. तरी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलेला वऱ्हाडी आईला विचारतो, ‘आमटीत कोकम नाही घातलं?’ अठरा वर्षांच्या मुलाची जीभ तीन-चार महिन्यांत बदलते, तर एम.एस्सी., पीएच.डी. झालेल्या रेक्टरची बदलणार नाही?

याहून भक्कम पुरावा हवा? देतो. शास्त्रात दोन गोष्टींची तुलना करायची तर बाकी सगळं सारखं ठेवतात आणि एकच गोष्ट बदलतात. या गावात तहसीलदार बदलून येतो. बँकेचा मॅनेजर येतो, तोही थेट लखनौहून. एसटीचा आगारप्रमुख येतो, ग्रामीण रुग्णालयाचा डॉक्टर येतो, हेडमास्तरीणबाई येतात. गाव तेच, पाऊस तोच, आठवड्याचा बाजारही तोच. ते कुरकुरतात, बदलीचे अर्ज टाकतात, पण रात्री झोपतात. बँकेच्या मॅनेजरला रात्री दीड वाजता कुणी उठवून सांगत नाही की साहेब, माझ्या खात्याच्या बाजूच्या खात्यातला मुलगा घोरतोय. सगळं सारखं आणि फरक फक्त पदाचा. मग आजाराचं मूळ कुठे शोधायचं, गावात की पदात?

यावर विरोधी वकील लगेच उठतील. म्हणतील, शहरातही रेक्टर असतात, ते कसे टिकतात? म्हणजे दोष गावाचाच! उत्तम मुद्दा आहे, बसून घ्या. शहरात रेक्टरचं निम्मं काम शहर करतं. पुण्यात रात्री मुलाला भूक लागली तर खाणं मोबाइलवरून दारात येतं, पोट दुखलं तर रिक्षा मिळते, कंटाळा आला तर फर्ग्युसन रस्ता आहे, आणि प्रेमभंग झाला तरी तोच रस्ता आहे. तालुक्याच्या गावात नऊला बाजार बंद होतो आणि शेवटची एसटी गेलेली असते. मग भूक, पोटदुखी, कंटाळा आणि प्रेमभंग हे चौघेही रांगेने रेक्टरच्या दारात येतात. पाण्याची मोटर जळली, रेक्टर. बाथरूममध्ये नानेटी साप निघाला, रेक्टर. कुणी बादलीत कॉइल टाकून अख्ख्या मजल्याचा फ्यूज उडवला, रेक्टर. शहरात रेक्टर नोकरी करतो, तालुक्यात तो एकटा अख्खं शहर चालवतो. हे मी मान्य करतो. पण यातून गावाचा दोष सिद्ध होत नाही. जिथे बाहेरून मदत कमी, तिथे पदाला जास्त हात द्यायला हवेत, एवढंच सिद्ध होतं. आपण नेमकं उलट करतो. शहरातल्या मोठ्या हॉस्टेलला दोन रेक्टर, क्लार्क, शिपाई. आणि आडगावातल्या हॉस्टेलला वनस्पतिशास्त्राचे सर, ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून.

शिवाय माझं अशील हात बांधून बसलेलं नसतं. अशा गावात मेडिकलवाला रात्री शटर अर्धं उघडून पॅरासिटामॉल देतो आणि पैसे सकाळी घेतो. एसटीचा कंडक्टर मुलाचं विसरलेलं हॉलतिकीट हातोहात आणतो. 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका आहे. ती घाटातून येईपर्यंत शेजारचा टेम्पोवाला चावी घेऊन उभा असतो. आणि सीसीटीव्ही? मुलाने स्टँडवरच्या टपरीवर सिगारेट पेटवली, तर ती विझायच्या आत रेक्टरला कळतं, वर कुठल्या ब्रँडची होती तेही कळतं. एवढी यंत्रणा, विनावेतन!

(मोबाइल वाजतो. तो शिताफीने उचलतो.)

बोला काका... हो, रेक्टरच बोलतोय... फोन उचलत नाही? काका, तो झोपला असेल... हो, खात्रीने झोपलाय, आत्ताच हजेरी घेतली... काय? त्याला उठवून विचारू, झोपलाय का?... बरं, विचारतो.

(फोन ठेवतो. प्रेक्षकांकडे बघतो.)

तुम्ही म्हणाल, एवढ्या रात्री फोन घेतोच कशाला? कारण नियम आहे! विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2009 चे रॅगिंगविरोधी विनियम वाचा. फार चांगल्या कारणासाठी केलेले आहेत, मुलांचे जीव गेले तेव्हा झालेत. त्यांची मी थट्टा करणार नाही. ते सांगतात : वॉर्डन, म्हणजे आपला रेक्टर, हॉस्टेलातच राहावा, निदान अगदी जवळ तरी राहावा, त्याच्याशी कुठल्याही वेळी संपर्क होऊ शकावा, संस्थेने त्याला मोबाइल द्यावा आणि तो नंबर सगळ्या मुलांना जाहीर करावा. त्याच्या अंगी शिस्त लावण्याचा दरारा हवा आणि मुलांशी बोलण्याची, समुपदेशनाची हातोटीही हवी. म्हणजे एकाच माणसात फौजदार आणि मावशी. पण त्याच विनियमांत आणखी एक शब्द आहे आणि तो वाचताना आपल्या संस्थांच्या डोळ्यांवर झापड येते. तो शब्द आहे ‘पूर्णवेळ’. मोबाइलचा नियम पाळला, जवळ राहण्याचा पाळला, पूर्णवेळ नेमण्याचा तेवढा राहिला. आता हिशेब बघा. आठवड्याचे तास 168. आयोगाच्याच निकषाप्रमाणे पूर्णवेळ प्राध्यापकाने कामाच्या आठवड्यात किमान 40 तास द्यायचे. उरले 128. ते सगळे हॉस्टेलचे. झोप, अंघोळ, बायको-मुलं हे ज्याचं त्याने 169 व्या तासात बसवायचं. 1948 चा कारखाने अधिनियम 2025 पर्यंत लागू होता. त्यानुसार यंत्रावरच्या प्रौढ कामगाराला आठवड्याला 48 तासांच्या वर राबवता येत नव्हतं, जास्त राबवलं तर दुप्पट दराने पैसे. रेक्टरला यंत्राचा दर्जा मिळाला तरी चालेल. यंत्राला निदान तेलपाणी असतं.

इथे शेवटच्या रांगेतून एक भारदस्त आवाज येतो. ‘आणि कर्मवीर? त्यांनी कुठे भत्ता मागितला?’ आला का मुद्दा! या प्रश्नापुढे महाराष्ट्रातला प्रत्येक रेक्टर मान खाली घालतो. मी घालणार नाही, कारण कर्मवीरांबद्दल मला प्रश्नकर्त्यांपेक्षा जास्त आदर आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. त्याआधी 1901 पासून कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहं उभी केली, त्यांच्यामागे राजाने आपलं बळ उभं केलं. म्हणजे आपल्या परंपरेत हॉस्टेल चालवणाऱ्याने आपलं सर्वस्व दिलं, हे खरंच आहे. पण कुणी दिलं ते बघा. ज्यांनी संस्था काढली त्यांनी दिलं! त्याग वरून खाली येत होता. आता संस्थेने इमारत बांधायची, फी घ्यायची आणि त्याग मात्र वनस्पतिशास्त्राच्या सरांनी करायचा. कर्मवीरांचं नाव घ्यायचं असेल तर जरूर घ्या. फक्त पुढच्या बैठकीला येताना घरातले दागिने घेऊन या.

दुसरा आक्षेप जास्त प्रेमळ आहे, म्हणून जास्त धोकादायक. ‘अहो, रेक्टर म्हणजे मुलांचे आईबाप. आईबाप कधी पाळी लावतात का?’ लावतात! बाळ रात्री रडलं की दोघांत कोपरखळ्या कशाच्या चालतात? ती पाळीच असते. आणि नर्सबाई तीन पाळ्यांत काम करतात, म्हणून रुग्णाबद्दलची त्यांची माया पातळ झाली असं कुणी म्हणतं का? उलट जी नर्स सलग तिसऱ्या रात्री जागी आहे, तिच्या हातून इंजेक्शन घ्यायला तुम्हीच घाबराल. अमेरिकेतल्या कॉलेजांत राहण्याची व्यवस्था बघणारे लोक कॅम्पसवरच राहतात, तरी रात्रीची ड्युटी पाळीने वाटून घेतात. हाताखाली मोठ्या वर्गातली मुलं मानधनावर मदतीला असतात. आपल्याकडे मोठ्या वर्गातल्या मुलांना मेस सेक्रेटरी करून भाजीचे हिशेब देतात आणि वर त्यांच्यावर संशय घेतात. न झोपलेला रेक्टर प्रेमळ राहत नाही. तो फक्त फौजदार उरतो. मावशी आधी थकते.

उरला शेवटचा आक्षेप : ‘मुलं अठरा वर्षांची आहेत, सज्ञान आहेत. काळजी करूच नका.’ किती छान! देशाचं सरकार निवडायचा हक्क त्यांना आहे, फक्त रात्री दहानंतर गेटबाहेर राहायचा नाही. कारण घरून पहिल्यांदाच बाहेर पडलेला, पहिल्यांदा नापास झालेला, पहिल्यांदा कुणीतरी ‘नाही’ म्हटलेला मुलगा कागदावर सज्ञान असतो आणि रात्री दोन वाजता आठवीतला असतो. त्या वेळी सीसीटीव्ही उपयोगाचा नाही. त्याला दार उघडणारा जागा माणूस लागतो. म्हणून रेक्टर हवाच, आणि शुद्धीवर असलेला हवा.

तेव्हा माझ्या अशिलाला सोडा आणि तीन साध्या गोष्टी करा. संस्थाचालकहो, पूर्णवेळ रेक्टर नेमा. नियम तुमच्याच कपाटात आहे. प्राचार्यसाहेब, रात्रीची ड्युटी पाळीने लावा आणि आठवड्यातून एक रात्र तो फोन दुसऱ्याच्या उशाशी द्या. आणि आईबाबा, रात्री अकराला मुलाने फोन उचलला नाही, तर तो झोपलाय असं समजा. नसेल झोपला, तरी रेक्टरला झोपू द्या.

(पडदा)