पीएल लागली, हायलायटर काढा

इंजिनिअरिंगच्या मुलांना पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागली की पहिलं भलं होतं ते स्टेशनरीवाल्याचं. चार रंगांचे हायलायटर, चिकट चिठ्ठ्या, एक मोठा कागद. त्यावर पट्टीने चौकोन आखले जातात. पहाटे पाच ते सात : एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर. पहाटेचे पाच या मुलाने आजवर फक्त झोपायला जाताना पाहिलेले असतात, पण चौकोन भरतो. वेळापत्रक भिंतीवर लागतं, त्याचा फोटो स्टेटसवर चढतो आणि दिवस मावळतो. पुस्तक उघडायचं राहून जातं, पण अभ्यास केल्याचा थकवा मात्र खराखुरा असतो.

या मुलांना वेळेचं नियोजन जमत नाही, असं पालक म्हणतात. साफ खोटं. सबमिशनच्या आदल्या रात्री एकदा होस्टेलवर जाऊन बघा. काचेखाली बल्ब, काचेवर मित्राची ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपला कोरा कागद, आणि जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारणं सुरू. एक जण राइट-अप उतरवतोय, दुसरा इंडेक्स भरतोय, तिसरा चहा सांगायला गेलाय. सकाळी सहीला फाइल तयार! अख्ख्या सेमिस्टरचं काम एका रात्रीत बसवणाऱ्यांना नियोजन काय शिकवणार?

तरी शिकवणारे आहेतच. सध्या पोमोडोरोची चलती आहे. फ्रान्चेस्को सिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याचं 1980च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासात लक्ष लागेना, म्हणून त्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावलं. 25 मिनिटं काम, 5 मिनिटं विश्रांती. आपल्याकडे त्याचं अ‍ॅप आलं. अ‍ॅप मोबाइलमध्ये, मोबाइलमध्येच रील्स. ती 5 मिनिटं कुठवर लांबतात हे सिरिलोला कळलं, तर तो टोमॅटोची कोशिंबीर करून मोकळा होईल.

खरी गोम वेगळीच आहे. मानसशास्त्रज्ञ डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून पाहिल्या. रेघा मारणं आणि तेच तेच पुन्हा वाचणं या आपल्या दोन लाडक्या पद्धती खालच्या रांगेत गेल्या. वर कोण आलं? स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास थोडा थोडा, दिवसांत विभागून करणं. म्हणजे ज्यात त्रास आहे तेच.

त्याआधी 2006मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना उतारे दिले होते. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर आठवणारे पुढे. आणि गंमत अशी, की आपल्या लक्षात राहील याची जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती!

आता आपली परीक्षा बघा. आदल्या रात्री ग्रुपवर ‘आयएमपी’, म्हणजे हमखास येणारे प्रश्न, येतात, पहाटेपर्यंत ते डोळ्यांखालून जातात, सकाळी पेपरात ओकले जातात. पाच मिनिटांनी विचारण्याचाच हा सरकारमान्य प्रकार. मुलगा पास होतो, म्हणून पद्धत बरोबर ठरते. पुढच्या वर्षी एम-थ्रीला पहिल्या वर्षाचं इंटिग्रेशन लागतं तेव्हा त्याचा चेहरा बघावा. सूत्र कुठल्या पानावर होतं हे आठवतं, पिवळ्या रंगाने रंगवलं होतं हेही आठवतं. सूत्र तेवढं आठवत नाही.

हे शहाणपण आपल्याकडे नव्हतं असंही नाही. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला की पोरांना परवचा म्हणावा लागे. पाढे, पावकी, निमकी, रोज, तेही पुस्तकाविना. चुकलं की आजोबा डोळे मिटूनच ‘पुन्हा’ म्हणत. बोजड नाव न देता रोजची उजळणी आणि रोजची परीक्षा व्हायची. आपण ती घोकंपट्टी म्हणून टाकून दिली आणि परीक्षेआधीची घोकंपट्टी तेवढी जपून ठेवली. पाठांतराने समज येते असं कोणी म्हणत नाही. पण काहीच न आठवणाऱ्याला समजलेलं असतं, यावरही माझा विश्वास नाही.

तेव्हा मुलांनो, आज जे शिकवलं ते आज रात्री वही मिटून कोऱ्या कागदावर उतरवून बघा. चार दिवसांनी पुन्हा. कागद कोराच राहिला तरी काय येत नाही एवढं कळतं, आणि तेही पेपराच्या बऱ्याच आधी.

आणि सरांना एक विनंती. 75 टक्के हजेरीचा हिशेब करून झाला असेल, तर तासाची शेवटची पाच मिनिटं मागच्या आठवड्यातला एक प्रश्न विचारा आणि उत्तर वही मिटून लिहायला सांगा. त्याला प्रोजेक्टर लागत नाही, नॅकच्या मूल्यांकनाची फाइल तर मुळीच लागत नाही. मुलं वैतागतील. वैतागू द्या.