अर्ध्या रोजीचा माणूस

भंडारा जिल्ह्यात कुठल्याही कामाला माणूस मिळतो, फक्त पावसाळ्यात मिळत नाही. आणि हेज वाढते ती नेमकी पावसाळ्यात. एवढ्यात माझी सगळी कहाणी आली, पण एवढ्यावर लेख होत नाही म्हणून पुढचं सांगतो.

आजोबांच्या वाडीला बाभळीच्या काट्यांचा कूप असे. त्याला कधी कात्री लागली नाही. उन्हाळ्यापर्यंत आजी निम्मा कूप चुलीत घालायची आणि मृगाच्या आधी आजोबा नवे काटे आणून लावायचे. मला मात्र खात रोडला घर बांधल्यावर साहेबी कुंपण हवं होतं. नर्सरीवाल्याने पिवळ्या पानांचा डुरांटा दाखवला. ‘मेंटेनन्स काहीच नाही जी,’ म्हणाला. त्याच्यापुरतं ते खरंच होतं.

आमच्याकडे वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. तो धानासाठी पडतो हे डुरांट्याला कुणी सांगितलं नव्हतं. श्रावणात एका कुरिअरवाल्याने फाटकासमोर उभं राहून फोनवर ‘फाटक कुठे आहे?’ असं विचारलं, तेव्हा मी माणूस शोधायला निघालो.

ज्याला विचारावं तो रोवणीवर. जवळच्या खेड्यातला एक जण हेज उत्तम कापतो असं कळलं. फोन केला, तर मागून बायकांच्या गाण्याचा आणि चिखलात पाय पडल्याचा आवाज. ‘सायेब, तुमची झाडं थांबतील, पऱ्हे थांबनार नाई जी,’ एवढं बोलून त्याने फोन ठेवला. पऱ्हे वेळेत बांधीत गेले नाहीत तर फुटवे कमी येतात, हे मलाही ठाऊक आहे. शेतकऱ्याचाच नातू मी. पण त्या घडीला मी फक्त हेजमालक होतो.

रोवणी आटोपली की निंदण, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग चुरणी. ज्याच्याकडे पाणी त्याचा उन्हाळी धान, त्यातच मोहफुलं, मग तेंदूपत्ता. या पंचांगात डुरांट्याला मुहूर्तच नव्हता.

मनाच्या समाधानासाठी इतिहास उघडला. मिठावरचा कर बुडू नये म्हणून इंग्रजांनी उत्तर हिंदुस्थानात बाभूळ, करवंद, निवडुंग यांचं शेकडो मैलांचं कुंपण वाढवलं होतं. १८६७ ते १८७० या काळात त्या जकात खात्याचे आयुक्त होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. १८६९ साली त्या सबंध जकात रेषेवर बाराएक हजार माणसं होती, तरी वाळवी आणि वणवे कुंपणाला सोडत नव्हते. हेच ह्यूमसाहेब १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेला लागले. हेज सांभाळण्यापेक्षा ते काम सोपं वाटलं असावं.

मला तो मार्ग मोकळा नव्हता, म्हणून नागपूरहून एक व्यावसायिक बोलावला. डोक्याला टोपी, हातात मोजे, पेट्रोलवर चालणारं यंत्र आणि जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. त्याने विचारलं, ‘शेप कोणता देऊ?’ इथे माझा जिल्ह्याभिमान उफाळून आला. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला आणि सारस पक्षी जवळपास सगळे तिकडे गेले. आमच्या वाट्याला नावापुरते उरले. निदान एक तरी माझ्या फाटकाशी असावा!

‘साहेब, यात मान निघणार नाही,’ तो म्हणाला.

‘काढा,’ मी म्हणालो.

डुरांट्याला पानं असतात ती वरच्या थराला. आत ऊन पोचत नाही, त्यामुळे तिथे नुसत्या काड्या. मान बारीक व्हावी म्हणून मी ‘अजून थोडं’ म्हणत राहिलो आणि तो कापत राहिला. संध्याकाळी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले शेजारी डोकावले. बराच वेळ निरखून म्हणाले, ‘हापशी छान जमली.’ हापशीच्या दोन्ही अंगांना जे भगदाड पडलं होतं, त्यातून रस्त्यावरच्या प्रत्येकाला माझं बनियन दिसू लागलं. ‘कुंपण लावायचे पैसे दिले, आता पाडायचेही दिले,’ एवढंच ही म्हणाली.

धान घरात आल्यावर तो फोनवरचा माणूस स्वतःहून आला. हेजकडे पाहून आदराने गप्प उभा राहिला. मग खुंट्या ठोकून दोरी बांधली आणि समजावून सांगितलं: बुडाशी रुंद, वर निमुळतं कापायचं, म्हणजे खालपर्यंत ऊन जातं. वरचं पसरू दिलं की बुड उघडं पडतं. ‘आता फुटू द्या. पुढच्या पावसात एक दिवस येतो. पैसे नको जी. रोवन्याले मानसं कमी पडतेत, तुम्ही एक दिवस या.’

मी विचार करून सांगणार होतो. तोवर हिने होकार देऊन टाकला.

ठरल्याप्रमाणे पुढच्या आषाढात मी बांधीत उतरलो. रोवणी करताना मागे मागे सरकायचं असतं. मी सरकलो तो थेट बसलोच. माझी रांग पुढे जाई, तशा दोन बायका तिच्यावरून पुन्हा रोवत येत. संध्याकाळी हिशेब झाला. त्याने माझी रोजी अर्धी धरली. बायकांच्या मते पाव पुरे होती.

दुसऱ्या दिवशी तो दोरी आणि कात्री घेऊन आला. कोपऱ्यापासून फाटकापर्यंत अशी नेटकी हेज कापली की शेजारी पुन्हा पाहायला आले. फाटकाशी पोचल्यावर त्याने खुंट्या उपटल्या, चहा घेतला आणि तो गेला. फाटकापलीकडच्या अर्ध्या भागासाठी हिने माझं नाव पुढल्या वर्षीच्या रोवणीत घालून ठेवलं आहे.