गिअरबाबत बीरगांवला खुलासा

श्टुटगार्ट

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,

हे पत्र तुमचे चिरंजीव आणि सूनबाई यांनी मिळून लिहिले आहे. गाडीच्या विषयावर दोघांचे जमत नसल्याने 'मी' म्हणण्याचा हक्क कोणालाच दिलेला नाही. दोघांचाही उल्लेख तिऱ्हाइतासारखा होईल.

बाबांनी फोनवर विचारले होते, "गिअर टाकायचाच नाही तं गाडी चालवायची काऊन?" ऑटोमॅटिक गाडी पिकअप घेत नाही, हे त्यांचे ठाम मत. चिरंजीवांनी लगेच "बरोबर!" म्हणून री ओढली. सूनबाई काही बोलल्या नाहीत. रविवारी त्यांनी सगळ्यांना त्सुफेनहाउझेनच्या पोर्शे संग्रहालयात नेले आणि वाटेत आकडे वाचून दाखवले.

२०२१ची पोर्शे ९११ जीटी३. इंजिन तेच, ५१० अश्वशक्तीचे; गिअरबॉक्स हवा तो घ्या. शून्यावरून ताशी १०० किलोमीटर गाठायला मॅन्युअलला ३.९ सेकंद लागतात, पीडीके नावाच्या ऑटोमॅटिकला ३.४. चिरंजीवांचा चेहरा पडला. मग त्यांना सापडले की कमाल वेग मॅन्युअलचा ३२०, ऑटोमॅटिकचा ३१८! ते दोन किलोमीटर त्यांनी अजून सोडलेले नाहीत. तुमच्याकडच्या भनपुरीच्या ट्रकांच्या रांगेत त्यांचे काय करायचे, हे मात्र ते सांगत नाहीत.

अर्ध्या सेकंदाचे कारण साधे आहे. मॅन्युअलमध्ये क्लच दाबला की तेवढा वेळ इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचत नाही. पीडीकेत क्लच दोन: एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. आई एक पोळी तव्यावर असताना दुसरी लाटून ठेवतात, तसा पुढचा गिअर आधीच तयार असतो. पोर्शेने हे १९८०च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांवर घासूनपुसून पाहिले आणि २००८मध्ये रस्त्यावरच्या ९११ला बसवले. फॉर्म्युला वनमध्ये तर १९८९च्या ब्राझीलच्या शर्यतीत नायजेल मॅन्सेलने स्टीअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलत फेरारी पहिली आणली. पुढे काही वर्षांतच तिथून गिअरची दांडी गेली.

चिरंजीवांची बाजूही नोंदवणे भाग आहे. २०१३ची जीटी३ फक्त पीडीकेसह आली, तेव्हा शौकीन नाराज झाले. २०१७मध्ये कंपनीला मॅन्युअल परत आणावी लागली. म्हणजे पैसे मोजून अर्धा सेकंद हरायला लोक राजी आहेत. घड्याळाने निकाल दिला तरी हाताची हौस फिटत नाही, हे सूनबाईंनाही मान्य. (हे वाक्य चिरंजीवांनी घातले, सूनबाईंनी खोडले नाही.)

आता बाबांचा मुद्दा. शेजारच्या काकांची गाडी गिअर बदलताना मान डोलावते, हे खरे. पण ती एएमटी आहे. तिचा गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लचही एकच. तो पायाऐवजी यंत्र दाबते. मधला खंड तसाच राहतो, म्हणून धक्का. स्वस्त पडते, म्हणून २०१४मध्ये सेलेरिओपासून ती आपल्याकडे घरोघरी पोचली. तिच्यावरून सगळ्या ऑटोमॅटिकांना नापास करू नये. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत तेलातून ताकद जाते आणि सुटताना जोर वाढूनच मिळतो. तिकडच्या उरला भागातल्या अडखळत्या वाहतुकीत बाबांच्या डाव्या गुडघ्याला ती मानवेल. गुडघा दुखत नाही, असे बाबा म्हणतील. आईंनी वेगळे सांगितले आहे.

शोरूममध्ये नुसते "ऑटोमॅटिक आहे का?" विचारू नका, आत काय आहे ते विचारा. आणि जगदलपूरहून परतताना केशकाल घाट उतरायचा तर ऑटोमॅटिकलाही खालच्या गिअरात धरा. 'डी'वर सोडून सबंध घाट ब्रेक दाबत आलात तर ब्रेक तापतील.

इथल्या कायद्यानेही हल्ली सूनबाईंची बाजू घेतली. पूर्वी परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली की जर्मनीत मॅन्युअल चालवता येत नसे. १ एप्रिल २०२१पासून, मॅन्युअलचे १० पाठ घेऊन शाळेची छोटी चाचणी दिली की ते बंधन लागत नाही.



ता. क. : आईंनी गाडी शिकायचे काढले, तेव्हा बाबांनी फोनवर हवामानाचा विषय काढला होता. टेस्ट ड्राइव्ह आईंच्या नावाने नोंदवावी, यावर मात्र चिरंजीव आणि सूनबाई यांचे एकमत आहे.