पुतळ्याची कंबर दुखत नाही

फिजिओथेरपीचा विद्यार्थी पहिला हात ठेवतो तो वर्गमित्राच्या खांद्यावर. खांदा विशीतला, निरोगी, सांगाल तसा वळणारा. मग एक दिवस त्याची वॉर्डात पोस्टिंग लागते. समोर लकव्याने एक बाजू गेलेले आजोबा. त्यांना उठवताना लुळा हात ओढायचा नाही, बखोटीला धरायचं नाही, हे पुस्तकात वाचलेलं असतं. हाताला ते माहीत नसतं. चुकीचं ओढलं तर खांदा निखळतो आणि दुखणं महिनोन्‌महिने राहतं. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात येणारा काय, अमरावतीच्या इर्विनमध्ये येणारा काय, गरीब आहे म्हणून कुणी पहिल्या चुकीचा धनी होऊ नये.

यावरचा उपाय साठ वर्षांहून जुना आहे. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसच्या हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने एका धडधाकट बाईला पाय लुळे पडलेल्या रुग्णाची भूमिका शिकवली आणि विद्यार्थ्यांना तिला तपासायला लावलं. त्या वेळी त्यांच्यावर टीका झाली. आज ही पद्धत जगभर आहे. ऑस्ट्रेलियात तर फिजिओथेरपीच्याच विद्यार्थ्यांवर चाचण्या झाल्या: चार आठवड्यांच्या पोस्टिंगमधला एक आठवडा अशा बनावट रुग्णांसोबत घालवला, तरी विद्यार्थी कुठेही कमी पडले नाहीत. हे निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आले.

हे ऐकलं की आपल्याकडे लगेच रुग्णाच्या जागी ठेवायच्या महागड्या पुतळ्यांची कोटेशनं मागवली जातात. आयसीयूत नळ्या लावलेल्या रुग्णाचा कफ काढायला शिकायचं असेल, तर पुतळा हवाच. पण पुतळा घाबरत नाही. दुखतं म्हणून अंग आखडून घेत नाही. आणि तो वऱ्हाडी बोलत नाही.

दर्यापूर किंवा तेल्हाऱ्याकडची बाई आठ आठ तास ओटी बांधून, वाकून कापूस वेचते. ती म्हणते, "कमरातून चमक निघते अन् टाचीलोक मुंग्या येते, बाई." या एका वाक्यात निम्मं निदान आहे. ते ज्याला ऐकू येत नाही, तो कागदावर 'कंबरदुखी' लिहितो आणि सांगतो, वाकू नका. वाकू नको तर खाऊ काय? तिच्याकडून काढून घ्यायचं असतं ते वेगळंच: किती वेळाने पाठ सरळ करता येईल, ओटी किती भरल्यावर रिकामी करता येईल, घरी झोपते ती बाज किती झोळ पडलेली आहे.

अशा रुग्णाचं सोंग वठवणारी माणसं इथेच आहेत. राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी उतरणारे हौशी कलावंत आहेत, गावोगावचे दंडारीतले गडी आहेत, आणि ज्यांची कंबर खरोखर गेली होती त्या बायाही आहेत. नव्या नियमांनी फिजिओथेरपीचा अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून पाच वर्षांचा केला आहे, तेव्हा वेळ नाही ही सबबही उरलेली नाही. नट लुळा खांदा हुबेहूब आणू शकणार नाही, हे कबूल. म्हणून वॉर्ड सुटत नाही. पण विचारायचं कसं, ऐकायचं कसं, हात कुठे ठेवायचा, एवढं तरी वॉर्डाच्या दाराबाहेर शिकून व्हावं.

परीक्षेत याला गुण द्या, नाहीतर कुणी मनावर घेणार नाही. रुग्ण झालेल्या बाईला शेवटी विचारा, "हा पोरगा तुझं ऐकत होता का?" तिच्या उत्तरालाही गुण ठेवा. आणि तिचे पैसे त्याच दिवशी, रोख द्या. ती वेचणीची मजुरी बुडवून आलेली असेल.