अफवांवर विश्वास न ठेवणाऱ्या कामगाराचं साहेबांना पत्र

मा. व्यवस्थापकीय संचालक साहेब यांस,


शुक्रवारी रात्री कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपला निरोप आला. 'कंपनीची स्थिती भक्कम आहे. कर्मचाऱ्यांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.' खाली जोडलेले हात. त्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येतं, त्यामुळे आमचे आभार आपल्यापर्यंत पोचू शकले नाहीत. म्हणून हे खुलं पत्र.

निरोप मी मनावर घेतला. शनिवारी पहिल्या पाळीला आलो तर गेटमधून ट्रेलर बाहेर पडत होता आणि त्यावर आमच्या लाइन दोनचं व्हीएमसी मशीन. ताडपत्री तोकडी पडली होती, मागच्या अंगाला पिवळ्या रंगात रंगवलेला मशीन नंबर सरळ दिसत होता. मी ती अफवा समजलो. दुसरं मशीन क्रेनला लटकलेलं पाहिलं, तेव्हाही मन घट्ट केलं. पण वॉचमनच्या टेबलावर गेटपासची प्रत पडली होती. परत येणाऱ्या मालाचा पास वेगळा आणि न येणाऱ्याचा वेगळा, हे चाकणच्या एमआयडीसीत शेंबड्या पोरालाही कळतं. पासवर स्वच्छ लिहिलं होतं: नॉन-रिटर्नेबल. खाली प्लान्ट हेडची सही.

दिवाळीपासून व्यवस्थापनाकडून आम्हाला मिळालेली ही एकमेव खरी माहिती. तीही वॉचमन चहाला गेला होता म्हणून.

अफवांची आम्हाला हौस आहे असं नाही, साहेब. तुम्ही बोलत नाही, म्हणून आम्ही मिळेल तिथून वाचतो. कॅन्टीनवाल्याचं बिल थकलं की पोह्यातले शेंगदाणे गायब होतात. टूल पुरवणारा इन्सर्टचे पैसे रोख मागायला लागतो. ट्रान्सपोर्टवाला गाडी गेटवर उभी करून आधी अकाउंट्समध्ये जातो, मग माल भरतो. आपल्या 'टाउन हॉल'मधल्या स्लाइडांपेक्षा त्या शेंगदाण्यांनी आम्हाला जास्त सांगितलं. त्या टाउन हॉलबद्दल फार लिहीत नाही. तो इंग्रजीत झाला, प्रश्न आधी लेखी द्यायचे होते आणि त्यातला वाचला गेला तो दुचाकींच्या शेडबद्दलचा. एचआरची ती पोरगी बिचारी 'मला वरून काही सांगितलेलं नाही' एवढंच म्हणते, आणि ते खरं असतं.

पगार उशिरा झाला, तेही एक वेळ सोडून देऊ. पण पीएफ? पगाराच्या स्लिपवर कपात दिसते आणि पासबुकात नोंद नाही. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची रक्कम आहे ती, आणि आमच्या पगारातून आधीच कापून घेतलेली. ना तुमची, ना बँकेची. आमची. असेंब्लीतल्या एकाने मुलीच्या लग्नासाठी पैसे काढायला अर्ज केला, तेव्हा हे बाहेर आलं. लग्नाची तारीख धरलेली, हॉलचा अ‍ॅडव्हान्स दिलेला. त्याला हे मोबाइलच्या स्क्रीनवरून कळावं? जोडलेल्या हातांच्या जागी एक ओळ लिहायला काय झालं होतं? इथे मला उपरोध सुचत नाही.

जगात याहून वाईट नमुने आहेत, मान्य. ब्रिटनच्या पी अँड ओ फेरीज कंपनीने १७ मार्च २०२२ रोजी जवळपास ८०० खलाशांना आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवून घरी पाठवलं. पण त्याच्या दोन वर्षं आधी, मार्च २०२० मध्ये, मॅरियट हॉटेलांचे प्रमुख आर्ने सोरेन्सन यांनीही व्हिडिओच केला होता. कॅन्सरच्या उपचारांनी डोक्यावर केस उरले नव्हते आणि व्हिडिओ करावा का, अशी त्यांच्याच माणसांना धास्ती होती. तरी ते कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. २००१चा अमेरिकेवरचा हल्ला आणि नंतरची जागतिक मंदी एकत्र केली तरी धंद्याला कोरोनाइतका फटका बसला नव्हता, असं त्यांनी सांगितलं. त्या वर्षाचा उरलेला पगार घेणार नाही म्हणाले. कर्मचाऱ्यांसाठी बातमी वाईटच होती, हजारोंना घरी बसावं लागलं. पण ती त्यांना साहेबाच्या तोंडून कळली.

आणि परदेशात तरी कशाला जायचं? त्याच वर्षी कारखाना पुन्हा उघडला तेव्हा डिस्पॅचजवळच्या पॅलेटवर चढून तुम्हीच बोलला होतात. 'ऑर्डर नाहीत. अर्धाच पगार देऊ शकतो. किती महिने, ते मला माहीत नाही.' मास्क घसरत होता, तो सारखा वर ओढत होतात. आम्ही अर्ध्या पगारावर थांबलो, ते त्या तीन वाक्यांवर.

हल्ली तुमच्याभोवती बँकेची माणसं असतात, वकील असतात. बोललात तर अंगाशी येईल, असंच ते सांगत असणार. रात्रपाळीला केबिनचा दिवा दिसतो आम्हाला. भोसरीच्या गाळ्यात दोन लेथवर उभा केलेला कारखाना एकेक मशीन करून विकावा लागतो, ते दुःख आम्हाला कळत नाही असं समजू नका. ती मशीनं पाळी संपताना रोज आम्हीच पुसली आहेत.

सोमवारी पहिल्या पाळीच्या आधी शॉपवर या. माइक नको, स्लाइड नको, इंग्रजी तर नकोच. लाइन दोन संपली का, पगार कुठल्या तारखेला, पीएफचे पैसे कुठे आहेत, एवढं सांगा. जे ठाऊक नसेल तिथे ठाऊक नाही म्हणा. आमच्यातल्या काहींना दुसरीकडे अर्ज करायचे आहेत, जूनमध्ये पोरांच्या फिया भरायच्या आहेत. म्हणून ही उत्तरं आम्हाला आत्ता कळायला हवीत.

आपला,
क्वालिटी विभाग, पहिली पाळी