शिळ्या कढीची बाजू

मराठी भाषेने शिळ्या कढीवर फार अन्याय केला आहे. कुणी जुना वाद उकरून काढला की शिळ्या कढीला ऊत, निवृत्त पुढाऱ्याने पुन्हा तोंड उघडलं की शिळ्या कढीला ऊत. कढी मुळातच शिळ्यातून जन्मलेली असते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. दुधावर साय येते, सायीला विरजण लागतं, विरजलेली साय घुसळली की लोणी निघतं आणि लोणी कढवलं की तूप होतं. तूप गाळल्यावर तळाशी राहिलेली बेरी साखर घालून मुलं फस्त करतात. लोण्याखालचं ताक दोन दिवसांनी तोंड वाकडं होईल इतकं आंबट झालं, की त्याला बेसन लावून, आलं-मिरची ठेचून कढी होते. कढीही उरलीच तर ती भाजणीत ओतून थालीपीठ लावता येतं. एवढ्या प्रवासात काहीच फेकलं जात नाही; पाऊण शतक नियोजन करून कुठल्या सरकारी खात्याला हे साधलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की स्वयंपाकघरातली बचत या साखळीत असते. बाजारात फक्त बचत केल्याचा आनंद असतो.

आता तो आनंद अस्सल असतो, हे मान्य. भाजीवालीशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालायची, वर मिरच्या-कोथिंबीर फुकट उपटायची आणि विजयी मुद्रेने चाळीस रुपये मोजून रिक्षाने घरी यायचं, यात एक शौर्य आहे. घरपोच सेवा मोफत मिळावी म्हणून बिलाचा आकडा फुगवायला घेतलेली सोया सॉसची बाटली पुढे तीन वर्षं फ्रिजच्या दारात निवृत्तिवेतन घेत उभी असते. एकावर एक फुकट आणलेल्या रव्यात किडेही एकावर एक फुकट येतात. एकत्र खरेदीत अर्थ नसतो असं नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचा किराणा वाटते आहे. पण तिथे यादी आधी द्यावी लागते, त्यामुळे सोया सॉसला ऐन वेळी आत घुसता येत नाही. एरवी भाव काही आपल्या हातात नसतात. २०१५ साली तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली, २०२३ च्या जुलैत टोमॅटोने शंभरी ओलांडली, आणि तेव्हा कुणाची घासाघीस चालली नाही. महागाईशी खरी घासाघीस केली ती १९७२ च्या सुमारास मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या बरोबरीने लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायकांनी. ते एकेकटीचं काम नव्हे.

एकेकट्याच्या हातात असतं ते फेकणं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालातला अंदाज असा, की भारतातल्या घरांत माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं. ५५ किलो म्हणजे जवळजवळ एक माणूसच. चौघांचं कुटुंब वर्षाअखेर दुसरं चौघांचं कुटुंब कचऱ्यात टाकतं. या आकड्यात सालं-देठंही धरलेली आहेत, अशी सबब कुणी सांगेल. पण दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी होते, फणसाच्या आठळ्या उकडून खाल्ल्या जातात, कलिंगडाच्या पांढऱ्या गराची भाजी होते. अशा घरात साल हा कचरा की पदार्थ, हे अहवाल लिहिणाऱ्याने एकदा जेवायला येऊन ठरवावं.

यावर धर्माचा आक्षेप येतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळं अन्न तामसांना प्रिय म्हटलं आहे, आणि शिजून एक प्रहर उलटलेलं अन्नही काही जण त्याच पंगतीत बसवतात. प्रहर तीन तासांचा. म्हणजे सकाळी सातला भरलेला डबा दुपारी एकला उघडणारा प्रत्येक नोकरदार तामस, आणि मुंबईचे डबेवाले १८९० पासून घरोघरचा तमोगुण वाहताहेत. शिवाय गीता सांगणारा आणि रानात सवंगड्यांच्या शिदोऱ्या कालवून काला करणारा एकच. गुरं घेऊन सकाळीच निघालेल्या पोरांच्या शिदोऱ्या दुपारी कितीशा ताज्या असणार? आणि शीतळा सप्तमीला तर चूल न पेटवता आदल्या दिवशीचंच खायचं, असा नेमच आहे.

वैद्यकाचा आक्षेप मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जंतू वाढतात, आणि त्यांचं एक विष नंतर कितीही खरपूस फोडणी दिली तरी नष्ट होत नाही. तेव्हा भात पसरून लवकर गार करावा आणि तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवावा. ‘सकाळी बघू’ हे वाक्य भाताच्या बाबतीत धोक्याचं. एवढं पाळलं की फोडणीला आदल्या दिवशीचा सुटा भातच सरस. चायनीजच्या गाडीवाल्याला विचारा, ताज्या मऊ भाताचा कढईत लगदा होतो.

खरी अडचण पुढे आहे. ही सगळी बचत बाईच्या जिवावर चालते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष चारांत एखादाच. शिवाय ‘टाकवत नाही’ म्हणत शिळं संपवणारी व्यक्ती घरोघरी पिढ्यानपिढ्या तीच, बाकीच्यांच्या ताटात वाफाळती पोळी. ज्या काटकसरीचे आपण गोडवे गातो, ती एकाच ताटावर उभी होती. यावर माझ्याकडे युक्तिवाद नाही, फक्त पाककृती आहे. शिळ्या पोळ्या हाताने कुस्कराव्यात, मिक्सरने भुगा होतो. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, मिरची आणि सढळ हाताने कांदा. मग पोळी, मीठ, चिमूटभर साखर, झाकण ठेवून एक वाफ. मळायचं नाही, लाटायचं नाही, गोल होण्याची धास्ती नाही. ९७ मिनिटांत हे आरामात बसतं. आणि सगळ्यांच्या ताटात सारखं वाढलं की त्याला कुणी शिळं म्हणत नाही. कुणी कुस्करा म्हणतं, कुणी मनोहरा, कुणी माणिकपैंजण. ताज्या पोळीचे एवढे लाड कुणी केलेले नाहीत.

पण हे लाडच माझी बाजू आडवी करतात. मनोहरा इतकी झकास लागते, की उद्या ती व्हावी म्हणून आज मुद्दाम चार पोळ्या जास्त लाटल्या जातात. मग तिच्यात दाणे पडतात, वर ओलं खोबरं, शेजारी दही, आणि हिशेब मांडला तर ताजी भाजी स्वस्त पडली असती. कढीचं तसं नसावं अशी आशा होती. पण तिच्यासाठी चांगलं गोड ताक मुद्दाम दोन दिवस आंबवणारे लोक आहेत. फक्त ते कबूल करत नाहीत.